तळ्याची जागा

सोमवार, ३ मार्च

मॉडेल आलं एकदाचं. दोन हमाल आणि एक सुतार जिन्याच्या वळणावर अडकून बसले होते. सुताराने नगररचना खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी माझ्या खोलीचं दार बिजागरीतून काढून मॉडेल आत घेतलं. आता खोलीत मॉडेल आहे, दार नाही, आणि मला टेकायला खिडकीचा कट्टा तेवढा उरलाय. पण काय देखणं झालंय! दुपारभर मी नुसती त्याच्याभोवती फिरत होते. नकाशे काढणारा आमचा सहकारी म्हणाला, "नजर लागेल हो, काम करा जरा."

मॉडेल आमच्याच वस्तीचं आहे. मी लग्न होऊन जिथे आले आणि अजूनही राहते, ती वस्ती. दर घराला एक लाकडी ठोकळा, सुटा, उचलता येईल असा. खात्याला ही वस्ती 'शाश्वत' करायची आहे, कारण जोराचा पाऊस झाला की खालच्या भागात घरांत पाणी शिरतं. साहेब, म्हणजे आमचे मुख्य नियोजक, म्हणाले की या वेळी आराखडा खात्याने करायचा नाही, लोकांनी करायचा. लोकांनी तो कसा करायचा, ती पद्धत मात्र मी बसवायची. गेलं वर्ष मी त्यातच घातलंय.

पद्धत सोपी आहे. लोक पाच टेबलांवर बसतील. प्रत्येक टेबलावर मॉडेलची छोटी प्रत असेल. झाडांचा पट्टा, पायवाट, दवाखाना, कचरा वेगळा करायची जागा आणि पावसाचं पाणी साठवायचं तळं, म्हणजे एक निळी फळी, एवढ्या गोष्टी त्यांनी बोलून बोलून जागेवर ठेवायच्या. मतदान नाही. मतदानात कुणीतरी हरतो. टेबलावरच्या सगळ्यांना पटेपर्यंत चर्चा करायची. आणि समन्वयक, म्हणजे मी, अवाक्षर बोलायचं नाही.

घोडं अडणार ते तळ्यापाशी. बाकीच्या गोष्टी कुठेही बसतात, तळं सखल जागेतच बसतं. अशा जागा तीन निघाल्या. मागची गल्ली, बंद पडलेल्या बसशेडचं आवार, आणि आमच्या घराचं परसू व त्याला लागून असलेली मोकळी जागा. जिथे तळं येईल तिथल्या माणसांना घर सोडून शहराबाहेरच्या नव्या इमारतींत जावं लागेल. खरं म्हणजे आमच्या कार्यालयाचं गाड्यांचं आवारही तितकंच सखल आहे आणि वस्तीला चिकटूनच आहे, पण ते साहेबांनी हद्दीबाहेर धरलं. फार पर्याय दिले की लोक गोंधळतात, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. आजही त्या आवारातून येताना चपला हातात घ्याव्या लागल्या. नळ फुटलाय म्हणे.

ही फेरी नीट पार पडली तर मला कायम करणार आहेत. साहेब तसं बोलले नाहीत, पण बोलल्यासारखंच बोलले.

बुधवार, ५ मार्च

सासूबाईंनी जेवताना विचारलं, "शाश्वत म्हणजे काय गं?"

"टिकणारी वस्ती, आई."

"मग आत्ताची काय उसनी आणलीय? मी इथे आले तेव्हा तुझा नवरा रांगत होता."

नवऱ्याला ठसका लागला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दिवसभर यंत्राच्या आवाजात असल्यामुळे घरी आल्यावर त्याला कुणी बोललेलं नको असतं, पण आईने मला टोमणा मारला की त्याचे कान लगेच उघडतात.

सासूबाई समोरच्या खोलीत शिवणयंत्र घेऊन बसतात. पँट आखूड करणं, चेन बदलणं, ब्लाउज उसवून सैल करणं. नवं काही शिवत नाहीत. "नव्याला सगळेच असतात," म्हणतात. खिडकी रस्त्यावर उघडते, त्यामुळे लोक चालता चालता कपडे आत टाकतात आणि परत जाताना उचलतात. वस्तीतल्या प्रत्येकाच्या कमरेचं माप त्यांना तोंडपाठ आहे आणि कुणाचं वाढलं हे त्या सगळ्यांना सांगतात.

शनिवारी त्या येणार आहेत. साडी आत्ताच काढून ठेवलीय.

शनिवार, ८ मार्च

झाली फेरी! आनंदाच्या भरात लिहितेय, अक्षर कसंही येतंय.

शाळेचा हॉल भरला होता. बेकरीवाला, औषधाच्या दुकानातल्या बाई, शिकवण्या घेणारं जोडपं, दवाखान्यातली नर्स, आणि सगळ्यांत आधी आलेले बसवाले काका. काका आता एकटेच असतात. बसशेडच्या दारातल्या खोल्यांत राहतात. शाळेची बस चालवायचे. हॉलमधल्या अर्ध्या लोकांना त्यांनी लहानपणी कान धरून सीटवर बसवलेलं आहे. आजही ते एका टेबलावर बसले नाहीत, सगळीकडे फिरत होते. "पुढे सरका, मागे जागा आहे," असं ओरडले की सगळे हसायचे.

सासूबाई दुसऱ्या टेबलावर होत्या. नुसत्या बसल्या नाहीत, दरबार भरवला. नर्सला म्हणाल्या, "तुझा दवाखाना चढावर कशाला? म्हाताऱ्यांनी चढून तिथेच मरायचं का?" दवाखाना खाली आला. मी भिंतीला टेकून घड्याळ बघत उभी होते आणि ठरवल्याप्रमाणे गप्प होते. माझ्यासारखीला गप्प बसणं किती जड जातं ते माझं मलाच माहीत.

आणि तळं. मला भीती होती की तळ्यावरून भांडणं होतील. एक भांडण नाही. पाचही टेबलांनी, एकमेकांकडे न बघता, तळं मागच्या गल्लीवर ठेवलं. पाचही! साहेब शेवटी आले होते. त्यांनी पाचही टेबलं बघितली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "याला म्हणतात लोकांचं शहाणपण."

घरी येताना सासूबाई माझ्या हाताला धरून चालत होत्या. म्हणाल्या, "चांगलं काम करतेस गं तू. मला वाटायचं नुसते कागद रंगवतेस."

मंगळवार, ११ मार्च

साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं. पद्धत इतर वस्त्यांतही वापरायची आहे. मी लाजल्यासारखं केलं, पण आतून फुगले होते.

शुक्रवार, १४ मार्च

आज एक बाई कार्यालयात आली. दार अजून बसवलेलं नाही, त्यामुळे ती सरळ आतच. मागच्या गल्लीत राहते. इस्पितळाच्या चादरी धुण्याचं जे मोठं लाँड्रीघर आहे तिथे ती आणि तिच्या गल्लीतल्या बहुतेक सगळ्या बायका इस्त्रीला असतात. हातांवर भाजल्याच्या खुणा होत्या. मॉडेलकडे बघत म्हणाली, "आमच्या घरावर ही निळी फळी कुणी ठेवली?"

मी सांगितलं, लोकांनी ठेवली, सगळ्यांनी मिळून.

"सगळे म्हणजे कोण?"

मी नावं सांगायला लागले. बेकरीवाला, नर्स, माझ्या सासूबाई. तिने मधेच थांबवलं. "ताई, शनिवारी दुपारी आमची पाळी असते. आम्ही नव्हतो तिथे."

"निरोप पाठवला होता सगळ्यांना."

"आला होता. शनिवारी दुपारी या म्हणून." ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. जाताना म्हणाली, "तुमच्या सासूबाईंनी पण ठेवली का फळी? माझ्या पोरीचा युनिफॉर्म त्यांनीच सैल करून दिला होता."

मी बेकरीवाल्याकडे गेले. पाव मोजता मोजता तो म्हणाला, "कुठेतरी ठेवायचं होतंच ना. तिथे कुणाची हरकत आली नाही." हरकत घ्यायला कोण होतं, असं मी विचारलं. तो कावराबावरा झाला आणि मला दोन पाव जास्त दिले.

चूक वेळेची होती. माझी होती. सगळ्यांना जमेल असा वार मी बघायला हवा होता. वार बदलून फेरी पुन्हा घ्यायची, बस.

सोमवार, १७ मार्च

साहेब आधी तयारच होईनात. एकमत झालंय, आता कशाला उकरून काढायचं, म्हणाले. मी हट्टाला पेटले. म्हटलं, ज्यांचं घर जाणार ते टेबलावर नसतील तर हे कसलं एकमत? मला वाटलं आता ओरडतील. पण ते मान डोलावून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. घ्या पुन्हा. पण ही शेवटची. यानंतर कुणाच्याही सांगण्यावरून फेरी नाही. तसं तुम्ही लिहून द्या."

मी तिथल्या तिथे लिहून दिलं. जिंकल्यासारखं वाटलं.

बाहेर पडताना त्यांनी हाक मारली. "आणि एक. तळ्याच्या तीन जागांत तुमचं घर आहे. मागच्या वेळी सासूबाई टेबलावर होत्या. उद्या कुणी म्हणालं की त्यांच्यामुळे तळं मागच्या गल्लीवर गेलं, तर?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, या वेळी आमच्या घरचं कुणीही येणार नाही. साहेब म्हणाले, "हा निर्णय तुमचा." किती समजूतदार माणूस आहे.

गुरुवार, २० मार्च

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी यंत्र थांबवलं.

"म्हणजे मी काय चोरी केली का?"

"तसं नाही आई. लोक बोलतील."

"लोक माझ्यासमोर बोलतील. मीच नसेन तर मागून बोलतीलच." मग म्हणाल्या, "मी कोपऱ्यात बसेन, काही बोलणार नाही."

"तुम्ही? काही बोलणार नाही?" मला हसू आलं. त्यांना नाही आलं. मी म्हटलं, हा माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. त्या पुन्हा यंत्र चालवायला लागल्या आणि एकच शिवण दोनदा घातली.

रविवार, ३० मार्च

लाँड्री आज बंद असते. मागच्या गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. इस्त्रीवाली पहिल्या टेबलावर बसली. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी तिला स्वतःहून चहा दिला. बसवाले काका होतेच, फिरत आणि ओरडत.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. झाडं झाली, पायवाट झाली, दवाखाना जिथे होता तिथेच राहिला. मग निळी फळी निघाली. पहिल्या टेबलावर बेकरीवाल्याने ती उचलली, इस्त्रीवालीकडे बघितलं आणि हात मागे घेतला. मग फळी शेडवर नेली, तर काका खुर्चीमागून वाकून बघत होते. त्यांच्याकडे बघितलं, शेडवरूनही हात मागे घेतला. मग फळी आमच्या परसावर आली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी हॉलमध्येच होते, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर, पण समन्वयक म्हणून उभी होते. त्याच्या दृष्टीने मी भिंत होते.

दुसऱ्या टेबलावर तेच. तिसऱ्यावर शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या घरात दोघं कमावतायत, त्यांना जड जाणार नाही." चौथ्यावर कुणी काही बोललंच नाही, नुसती फळी ठेवली. पाचव्याचं मी बघितलं नाही. मला ठाऊक होतं.

साहेब आले, टेबलांवरून फिरले आणि म्हणाले, "पुन्हा पाचही. कमाल आहे." मग माझ्याकडे बघून थोडं थांबले. "तुमचं घर. वाईट वाटलं."

मी आभार मानले. कशाचे मानले कोण जाणे.

सोमवार, ३१ मार्च

आज सकाळी मॉडेलसमोर बसले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाराचा प्रश्नच नव्हता. समोर बसलेल्या माणसाच्या घरावर कुणी तळं ठेवत नाही. माणसाला लाज वाटते. म्हणून टेबल शोधत जातं आणि जो नाही त्याच्यावर तळं ठेवतं. पहिल्या वेळी मागची गल्ली नव्हती. या वेळी आम्ही नव्हतो. लोक वाईट नाहीत. उलट चांगलेच आहेत, म्हणून तर असं होतं. मतदान असतं तर निदान कुणीतरी वाईट वागून तोंडावर नाही म्हणालं असतं.

आणि सासूबाईंना घरी मीच बसवलं. लिहून मीच दिलं. आता हे बोलले तर सगळे म्हणणार, घर गेल्यावर बाईसाहेबांना पद्धतीत खोट दिसली. जिकडे वळावं तिकडे माझीच सही.

बुधवार, २ एप्रिल

घरी सांगावंच लागलं. वस्तीत आधीच कळलं होतं. सासूबाईंना गिऱ्हाइकाने सांगितलं, पँट आखूड करून घेताना. नवा पत्ता विचारत होता म्हणे.

नवऱ्याने एवढंच विचारलं, "तू तिथेच होतीस ना?"

"समन्वयकाने बोलायचं नसतं."

"कुणी ठरवलं?"

त्यालाही माहीत होतं कुणी ठरवलं.

सासूबाईंनी नव्या इमारतीची चौकशी केली. कितवा मजला? मी म्हटलं, वरचा मिळेल, पण लिफ्ट आहे. "लिफ्टने वर येऊन कोण चेन बदलून घेणार?" एवढंच म्हणाल्या. रडल्या असत्या तर मी पाया पडले असते. त्यांनी दोऱ्यांची पेटी उघडली आणि गुंतलेले दोरे सोडवत बसल्या. त्यांचा जीव त्या खिडकीत आहे, हे मला इतकी वर्षं दिसत होतं आणि मी ते कधी कुठल्या निकषात धरलं नाही.

रविवार, ६ एप्रिल

खिडकीतून कपडे येणं कमी झालंय. लोकांना तोंड दाखवायला लाज वाटते, म्हणून पलीकडच्या फुटपाथवरून जातात. औषधाच्या दुकानातल्या बाई मात्र आल्या. म्हणाल्या, "आमच्या टेबलाने ठेवलं, मी नाही हो ठेवलं." सासूबाई म्हणाल्या, "टेबलाला सांगा, तुमचा परकर सैल करून तयार आहे."

मी स्वयंपाकघरात होते. हसू आलं आणि ते बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

गुरुवार, १० एप्रिल

धीर करून साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. तळं गैरहजर माणसावरच जातं, पद्धतच खोटी आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं. आवाराकडच्या खिडकीपाशी उभे होते. ड्रायव्हर खाली विटा टाकत होता, साहेबांना गाडीपर्यंत कोरडं जाता यावं म्हणून.

"हे तुम्ही पहिल्या फेरीनंतर सांगितलं असतं तर मी तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं," ते म्हणाले. "आता काय म्हणतील? आणि पद्धत खोटी ठरली तर तुमचं वर्ष खोटं ठरलं. कायम कशाच्या जोरावर करायचं?"

मी म्हटलं, मग मी काय करू?

"काही करू नका. तेविसाव्या तारखेला आराखडा मंजूर करणारी समिती बसतेय. तिथे सगळे हजर असतील. हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत झालं तर समिती बदल करू शकते, असा नियम तुम्हीच घातलाय ना?"

घातला होता. लोकांनी समितीला यावं म्हणून घातला होता. साहेबांना माझी पद्धत माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

बुधवार, १६ एप्रिल

बसवाले काकांना इस्पितळात नेलं. पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. नवरा त्यांना बघून आला. तिथल्या नर्सांना म्हणे ते "पुढे सरका" म्हणत होते. महिनाभर तरी तिथेच राहतील असं दिसतं.

सासूबाईंनी त्यांच्यासाठी पायजम्याची एक बाजू उसवून तिथे बंद लावून दिले, बँडेजवरून घालता यावा म्हणून.

बुधवार, २३ एप्रिल

सगळं जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मी ते वेगळं आठवेन.

समितीच्या सभागृहात मी मॉडेलजवळ उभी होते. लोक भरले होते. सुरू व्हायच्या आधी दार उघडलं आणि सासूबाई आल्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. साहेबांनीही नाही. इस्त्रीची साडी, हातात पिशवी. सरळ पहिल्या रांगेत बसल्या आणि मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. एकेकाच्या कमरेचं माप घेतल्यासारखं.

अध्यक्षबाईंनी आराखडा वाचायला सुरुवात केली. तळ्यापाशी आल्या आणि बेकरीवाला उठला. "बाई, आम्हाला तळ्याचा पुन्हा विचार करायचाय."

"तुमचंच एकमत आहे ना?"

"होतं." तो सासूबाईंकडे बघत नव्हता. "पण ते बरोबर वाटत नाही." त्याच्यामागे नर्स उठली, शिकवणीवालं जोडपं उठलं, मग इस्त्रीवाली उठली आणि तिच्याबरोबर सगळी मागची गल्ली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटलो आपण. माणसं चांगलीच असतात, नुसतं समोर यावं लागतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग तळं कुठे?"

आणि मग मी ते बघितलं. सगळ्यांच्या माना हळूहळू फिरायला लागल्या. रांगांवरून, खुर्च्यांवरून, दाराकडे. कोण आलंय ते कुणी बघत नव्हतं.

"बसशेड," मागून कुणीतरी म्हणालं.

"तिथे काका राहतात ना?"

"एकटेच तर आहेत. इस्पितळातून आल्यावर त्यांना तसाही जिना-बिना नको, लिफ्ट बरी."

"त्यांची काही हरकत नसेल. ते कधी कशाला नाही म्हणत नाहीत."

सासूबाई उठल्या. "त्यांना विचारलं का कुणी?" म्हणाल्या. पण तोवर सगळे एकदम बोलायला लागले होते, सुटल्यासारखे, आणि त्यांचा आवाज त्यात बुडाला. मी अगदी जवळ होते, मला ऐकू आला. अध्यक्षबाईंना बहुतेक नाही आला.

त्यांनी हात वर करायला सांगितले. सगळे वर झाले. सासूबाईंचा नव्हता, पण त्या नोंदलेल्या सहभागी नव्हत्या, दुसऱ्या फेरीच्या यादीतून त्यांना मीच वगळलं होतं. मग अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "समन्वयक, तुमच्या पद्धतीत हे बसतं का?"

मला उत्तर माहीत होतं. महिनाभर मला तेच एक उत्तर माहीत होतं. तिथे उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, हे बसत नाही, कारण तो माणूस इथे नाही. साहेब माझ्याकडे बघत होते. सासूबाईही बघत होत्या.

"बसतं," मी म्हणाले.

फळी मीच हलवली, काकांच्या खोल्यांचा ठोकळा उचलून. ठोकळा हलका असतो, आत पोकळ.

गुरुवार, २४ एप्रिल

सकाळी खिडकीतून इतके कपडे आले की खुर्चीवर ढीग झाला. कुणी फुलं ठेवून गेलं.

मी स्वतःला सांगतेय की काकांना तिकडे बरंच पडेल. शेडमध्ये ओल असते. त्या वयात एकट्याने तिथे राहणं धोक्याचंच. पडले ते तिथेच ना. सगळा विचार केला तर हा पर्याय सर्वांत कमी त्रासाचा आहे, एकच माणूस हलतो. निकषांवर गुण दिले तर हाच पहिला येतो. मी देऊन बघितले.

सासूबाई आज माझ्याशी बोलल्या नाहीत. कामाचा ढीग आहे, दमल्या असतील. नवऱ्याने डबा स्वतः भरून घेतला.

बुधवार, ३० एप्रिल

कायम झाले. साहेबांनी सगळ्यांसमोर पत्र दिलं. आणखी तीन वस्त्यांत पद्धत न्यायची आहे, मॉडेलं करायला टाकलीत. सगळे टाळ्या वाजवत होते. नकाशेवाला म्हणाला, "आता तरी चहा पाजा." पाजला.

घरी पत्र टेबलावर ठेवलं. कुणी उचललं नाही. जेवणाची ताटं मांडताना सासूबाईंनी ते बाजूला सरकवलं आणि त्या जागी मीठ ठेवलं.

शुक्रवार, १६ मे

काका सुटून आले. सरळ कार्यालयात आले, वॉकर घेऊन. बरोबर वस्तीतली नर्स होती. ती बाहेरच थांबली, आत आली नाही. मला वाटलं, भांडायला आले. पण त्यांना अजून कुणीच सांगितलेलं नाही. खात्याचं पत्र निघायचं आहे, आणि वस्तीतलं कोण सांगणार? इस्पितळात सगळे भेटायला जात होते म्हणे, फळं घेऊन, रोज कुणी ना कुणी. "एवढी माणसं कधी माझ्या बसमध्ये पण नव्हती," म्हणाले.

मी खुर्ची दिली. ते बसले, दम खाल्ला आणि माझीच माफी मागायला लागले.

"त्या दिवशी समितीला यायचं राहून गेलं गं पोरी. तू एवढी मेहनत घेतलीस आणि नेमका मी नव्हतो. छान झाली ना?"

"झाली."

"सगळे म्हणाले, छान झाली. तळ्याचं काय ठरलं विचारलं, तर म्हणतात, आधी बरे व्हा." ते हसले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. "बरं, पुढची बैठक कधी आहे? या वेळी मला पुढची खुर्ची ठेव. हल्ली मागून ऐकू येत नाही."

पुढची बैठक नाही. ती नसण्याचं मी लिहून दिलंय.

ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते, ऐकू कमी येणारी माणसं बघतात तसे.

"कळवते, काका," मी म्हणाले. ते खूष होऊन उठले.